मग इकलं ते काय?

मार्च उजाडून गोठलेली जमीन सुटली, की आमच्याकडे सगळ्यांत आधी हवेचा वास बदलतो. हिवाळाभर गोठ्यामागच्या टाक्यांत साठवलेली शेणाची स्लरी शेतांवर पडायला लागते आणि काही दिवस दारं-खिडक्या उघडायची सोय राहत नाही. दोरीवरच्या कपड्यांना तो वास लागतो, गाडीत बसलं तरी सोबत येतो. शहरातून नव्याने राहायला आलेली कुटुंबं पहिल्या वर्षी हैराण होतात आणि टाउनशिपच्या कचेरीत फोन करतात. तिथे त्यांना सांगितलं जातं, की पेन्सिल्व्हेनियात 1982 पासून एक कायदा आहे. रीतसर चाललेल्या शेतीचा वास, आवाज, धूळ यांबद्दल शेजाऱ्याला सहजासहजी कोर्टात जाता येत नाही. मला हा कायदा मनापासून आवडतो. हिरवी शेतं आणि लाल कोठारं सगळ्यांनाच हवी असतात, पण त्यांच्यासोबत येणारं शेणही सोसावं लागेल, हे इथल्या लोकांनी कायद्यात लिहून ठेवलं.

ही लँकेस्टर काउंटी, काउंटी म्हणजे इथला जिल्हा. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला साधारण 110 किलोमीटरवर. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इथे आलो आणि शहरात घर न घेता मुद्दाम शेतांच्या मधोमध घेतलं. दक्षिणेला कुंपणापलीकडे शेजारच्या आजोबांचं शेत सुरू होतं. ते मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचे आहेत. त्याच परंपरेतल्या पण जास्त कडक नियमांच्या अमिश लोकांसारखी घोड्याची बग्गी नाही, मोटार वापरतात, ट्रॅक्टरही वापरतात, पण बोलणं मोजकं, राहणी साधी. त्यांच्या घराण्याची पाचवी पिढी त्या जमिनीवर आहे. नव्वद एकर, साठ-एक दुभत्या गाई, मका, अल्फाल्फा गवत, थोडं सोयाबीन. इथल्या मानानेही हे शेत फार मोठं नाही. 2017 च्या कृषिगणनेत या काउंटीत पाच हजारांवर शेतं होती आणि सरासरी शेत ऐंशी एकरांच्या आतलं होतं. अमेरिकन शेती म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा क्षितिजापर्यंतचा गहू इथे दिसत नाही. इथे एका घराला झेपेल एवढंच शेत असतं.

माझा मामा मुळशीचा. आंबेमोहर पिकवणारा. काही वर्षांपूर्वी तो आणि आई मिळून आमच्याकडे उन्हाळाभर राहायला आले. विमानाचा शीण उतरायच्या आत, दुसऱ्याच सकाळी मामा कुंपणाशी जाऊन उभा. वाकून मूठभर माती उचलली, दाबली, फोडली, वास घेतला.

"आगं, ह्यांचा पाट कुठंय?"

पाट नाही म्हटल्यावर त्याला खरं वाटेना. विहीर? मोटर? मी सांगितलं की बहुतेक शेतांना पाणी द्यावंच लागत नाही. वर्षाला बेचाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत थोडा थोडा येत राहतो. आणि माती चुनखडकावर तयार झालेली, खोल, ओल धरून ठेवणारी. सिंचनाशिवाय एवढं पिकवणारी काउंटी अमेरिकेत दुसरी नाही, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. मामाने मुठीतली माती परत जाग्यावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. "द्येवानं दिल्याली जमीन हाय ही," एवढंच म्हणाला.

या मातीचा शोध लागला तेव्हापासून माणसं तिच्यामागे आहेत. 1710 साली स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातून धर्मछळाला कंटाळून आलेल्या मेनोनाइट कुटुंबांनी पेक्विया ओढ्याजवळ 10,000 एकर मिळवले. त्यांच्यातल्या एका कुटुंबाने 1719 मध्ये बांधलेलं दगडी घर अजून उभं आहे, हान्स हेर हाउस म्हणून ते दाखवतात. मागाहून अमिश आले. आज या वसाहतीत त्यांची संख्या 40 हजारांच्या पुढे गेली आहे आणि साधारण वीस वर्षांत ती दुप्पट होते. मुलं भरपूर, जमीन तेवढीच. इथल्या प्रत्येक चर्चेच्या मुळाशी हे त्रैराशिक आहे.

पर्यटक बग्ग्या बघायला येतात, फोटो काढतात (अमिशांना ते रुचत नाही, तरी काढतात) आणि जातात. इथे राहिलं की दिसतो तो वर्षाचा फेर. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलांचे मड सेल सुरू होतात. चिखलाने भरलेल्या मैदानात गोधड्या, घोडे, जुनी अवजारं, बग्ग्या, लाकडी कपाटं यांचे लिलाव चालतात आणि त्या पैशांवर आग विझवायच्या गाड्या चालतात. वीज न घेणारा अमिश तरुण रात्री आगीचा भोंगा वाजला, की त्याच दलाच्या गाडीवर चढून निघतो. एप्रिलमध्ये खेचरांच्या जोड्या नांगराला लागतात. इथल्या अमिशांना शेतात ट्रॅक्टर फिरवायची परवानगी नाही, पण गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रावर इंजिन बसवून ते यंत्र खेचरांनी ओढलेलं चालतं. मामाला हे बघताना भारी मजा वाटायची. "बैल बी हाय अन इंजान बी हाय," म्हणून तो आईला बोलावून दाखवायचा.

जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत मक्याची कोवळी कणसं. रस्त्याकडेला टेबल, त्यावर टोमॅटो, काकड्या, फुलांच्या कुंड्या, आणि एक पत्र्याचा डबा. माल घ्यायचा, पैसे डब्यात टाकायचे. शेजारी पाटी: रविवारी विक्री नाही. सोमवारी धुणं. घरापासून कोठाराच्या शिखरापर्यंत कप्पीवर ओढलेल्या दोरीवर जांभळे, निळे, काळे कपडे ओळीने फडफडत असतात. मग सिलोमध्ये, म्हणजे चारा साठवायच्या उंच कोठीत, मक्याची कुट्टी भरायची घाई. एखाद्या अमिश घराच्या परसात सेलरीचे वाफे नेहमीपेक्षा जास्त दिसले, की शेजारणी ओळखतात, या घरात मुलीचं लग्न निघालंय. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत मंगळवार-गुरुवारी लग्नं लागतात. घरातच, तीन-चारशे माणसांच्या पंगती, कोंबडी, ब्रेडचं सारण आणि सायीत शिजवलेली सेलरी. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, पापडांचं वाळवण बघून आपल्याकडेही कळायचंच की.

हे सगळं असंच राहिलं असतं, असं मात्र नाही. फिलाडेल्फियाहून येणाऱ्या तीस नंबरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज जे दिसतं ते बघितलं की कळतं: मोटेल, आउटलेट मॉल, वाहनतळांचे काळे मैलच्या मैल. त्या डांबराखाली तीच माती आहे, जी मामाने हातात धरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरं, कारखाने, दुकानं वेगाने वाढली आणि सपाट, पाणी निचरा होणारी, दगड नसलेली जमीन बांधकामालाही सगळ्यांत सोयीची असते. जे शेतीला उत्तम, तेच बिल्डरला उत्तम. शेतं बघायला लोक आले म्हणून हॉटेलं झाली, आणि हॉटेलं शेतांवर झाली.

मिलर्सव्हिलचे भाजीपाला पिकवणारे एक शेतकरी, एमॉस फंक, यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. मातीची धूप थांबवण्यासाठी बांध-बंदिस्ती करा म्हणून आयुष्यभर सांगत आलेला हा माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं, की धूप पावसाने होते तशी ती बांधकामानेही होते, आणि बांधकामाची धूप परत भरून येत नाही. काउंटीने 1980 मध्ये शेतजमीन जपण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. 1987 मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या मतदारांनी यासाठी 10 कोटी डॉलरचं कर्ज उभारायला कौल दिला. ही जनमताची मोहोर महत्त्वाची होती, कारण शहरात राहणाऱ्या, नांगर न पाहिलेल्या माणसांनीही ती उमटवली. 1988 मध्ये लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट ही खासगी संस्था उभी राहिली, तीही फंक आणि त्यांच्यासारख्यांच्या पुढाकारानेच. तिचं एक कारण फार स्थानिक होतं: पुष्कळ अमिश कुटुंबं सरकारचा पैसा घेत नाहीत. सरकारी पेन्शनही न घेणारी माणसं सरकारी चेक कसा घेणार? त्यांना दाराशी येऊन बोलणारं, त्यांच्यातलं वाटेल असं कोणीतरी हवं होतं.

आज मंडळ आणि ट्रस्ट मिळून दीड हजारांहून अधिक शेतं, एक लाखाहून जास्त एकर, कायमची राखली गेली आहेत. काउंटीतल्या शेतजमिनीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक.

हे मी मामाला आजोबांच्या स्वयंपाकघरात समजावत होते. टेबलावर शूफ्लाय पाय (काकवीचा गोड पाय) आणि कॉफी, मामासमोर चहा. दुभाष्याचं काम माझ्याकडे. आजोबांनी सांगितलं, की त्यांनीही आपलं शेत असं कायमचं राखण्याची नोंद केली आहे. बाजारात बिल्डर जो भाव देईल तो एक भाव, आणि ही जमीन फक्त शेतीसाठीच राहणार असं ठरलं तर जो भाव येईल तो दुसरा. या दोन भावांतला फरक काउंटी देते. पूर्ण फरक नेहमी मिळत नाही, एकरी मर्यादा असते, पण रक्कम हातात येते. त्या बदल्यात मालक दस्तावर सही करतो: या जमिनीचे घरांसाठी तुकडे पडणार नाहीत. मी नाही, माझी मुलं नाहीत, विकत घेणारा नाही, कोणीच पाडणार नाही. जमीन मालकाचीच राहते. विकता येते, वारसांना देता येते, गोठा बांधता येतो. लोकांना आत फिरायचा हक्क मिळत नाही. वेळोवेळी कोणीतरी येऊन बघून जातं, एवढंच.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे पैसं घेतलं, जमीनबी ऱ्हायली. मग इकलं ते काय?"

मी आजोबांना प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, विकायचा मोह विकला.

मामाला कसं समजावावं याचा विचार करताना मला सातबारा आठवला. उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी 'इतर हक्क' असा रकाना असतो. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, वहिवाटीचा रस्ता, विहिरीतला हिस्सा, सगळं त्यात. समजा, त्या रकान्यात कायमची नोंद झाली की या जमिनीवर शेतीखेरीज काही होणार नाही, आणि ही नोंद कोणीच कमी करून घेऊ शकत नाही. मामाने मान हलवली. त्याला पटकन कळलं, कारण तो रकाना त्याने आयुष्यभर वाचला आहे. पण कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने आईकडे पाहिलं आणि आई खिडकीबाहेर बघू लागली.

आजोबांनी नोंदीचे पैसे कशासाठी घेतले, हे ऐकल्यावर मला त्या नजरेचा अर्थ लागला. त्यांच्या वडिलांना पाच मुलं. इथल्या कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. नव्वद एकर पाच जणांत वाटले असते तर दूधधंदा चालला नसता. एकाने सगळं घ्यायचं तर बाकीच्या चौघांचे हिस्से आजच्या भावाने चुकते करायचे, ते गाई विकूनही झाले नसते. नोंदीचे पैसे आले ते सरळ भावंडांकडे गेले. शेत एकसंध राहिलं आणि दोन्ही बहिणींना त्यांचा वाटा मिळाला. इथे पुष्कळ घरांत हे असंच घडतं. बाहेरून बघणाऱ्याला तो निसर्गाचा प्रश्न वाटतो. आत तो भावाबहिणींचा हिशेब असतो.

मुळशीतली मामाची खाचरंही एकसंध राहिली. ती राहिली कारण आईचे वडील गेल्यावर माझ्या आईने आणि मावशीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्या बदल्यात दर भाऊबीजेला साडी, दर वर्षी एक पोतं आंबेमोहर, आणि माहेराला जायची उजळ माथ्याची वाट. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्या काळी चांगल्या बहिणी तसंच करायच्या. आईला त्याची खंत आहे का, हे मी तिला तोवर विचारलं नव्हतं. आजोबांच्या टेबलावर बसून मला पहिल्यांदा असं वाटलं, की जिथे कुठे जमीन अखंड दिसते तिथे कोणीतरी काहीतरी सोडलेलं असतं, आणि ते कोणी सोडलं, त्याला काय मिळालं, हे विचारल्याशिवाय त्या जमिनीचं कौतुक अपुरं आहे.

तो प्रश्न मनात घेऊन इथला इतिहास वाचायला गेलं की थांबावं लागतं. मेनोनाइट आले तेव्हा ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. सस्क्वेहॅनॉक या इथल्या मूळ रहिवासी लोकांचे वंशज इथे कॉनेस्टोगा नावाच्या वस्तीत राहत होते. पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने 1701 मध्ये त्यांच्याशी मैत्रीचा करार केला होता, आणि तोही कायमचा म्हणूनच केला होता. 14 डिसेंबर 1763 रोजी पॅक्सटनहून आलेल्या हत्यारबंद गोऱ्या टोळीने त्या वस्तीत सहा जणांना मारलं. जे वाचले त्यांना संरक्षणासाठी म्हणून लँकेस्टर गावात कोंडवाड्यासारख्या एका इमारतीत ठेवलं. 27 डिसेंबरला टोळी तिथेही आली आणि उरलेल्या चौदा जणांना, बायकामुलांसह, मारून गेली. कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यांनी काही सोडलं नव्हतं. त्यांच्याकडून घेतलं गेलं. मी काउंटीच्या कामाचं मनापासून कौतुक करते, पण दस्तावरचा 'कायमचा' हा शब्द वाचताना मला त्या वीस जणांची आठवण ठेवावीशी वाटते. जमीन राखणाऱ्या प्रत्येक सभेत ती गोष्ट सांगितली जावी असंही वाटतं. हल्ली काही ठिकाणी ती सांगितली जातेही.

आणि पाणी. जमीन राखली म्हणजे पाणी आपोआप राखलं जात नाही, हे इथे आल्यावर मी आमच्याच विहिरीवरून शिकले. घर घेताना पाणी तपासलं तर नायट्रेट मर्यादेपेक्षा थोडं वर. मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रोजन इतकी आहे आणि त्याहून जास्त झालं तर तान्ह्या बाळांच्या रक्तातला प्राणवायू कमी होण्याचा धोका असतो. चुनखडकाच्या भेगांतून पाणी झपाट्याने खाली जातं, सोबत शेणातला, खतातला नायट्रोजन नेतं. जी जमीन पाटाशिवाय पिकते, तीच हा नायट्रोजन अडवून धरत नाही. आम्ही गाळणयंत्र बसवलं. पण वरचं पाणी ओढ्यांतून कॉनेस्टोगा नदीत, तिथून सस्क्वेहॅना नदीत आणि शेवटी चेसापीक उपसागरात जातं. उपसागराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळपास निम्मं ही एकटी सस्क्वेहॅना आणते. खतं उतरली की शेवाळ माजतं, शेवाळ कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, खेकडे आणि कालवं मरतात. 2010 मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने उपसागराच्या पाणलोटातल्या सहा राज्यांना आणि राजधानीला प्रदूषणाची मर्यादा घालून दिली. पेन्सिल्व्हेनियात नायट्रोजन कमी करण्याचा सगळ्यांत मोठा वाटा आला तो लँकेस्टर काउंटीवर. देशातल्या अतिशय सुपीक मातीची ही दुसरी बाजू.

इथल्याच फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजातले रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये मांडलेलं संशोधन वाचलं आणि ओढ्याकडे बघायची माझी नजर बदलली. इथले ओढे आज उभ्या, मातीच्या भिंतींसारख्या काठांमधून खोल वाहतात. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, ओढा असाच असतो. त्यांनी दाखवून दिलं की सतराव्या शतकाच्या शेवटापासून या भागात पाणचक्क्यांसाठी हजारो छोटे बांध घातले गेले. डोंगरउतारावरची जंगलं तोडून नांगरलेल्या शेतांतली माती वाहून येऊन त्या बांधांमागे थरावर थर साचली. पुढे बांध फुटले, ओढ्याने त्या गाळात चर पाडला, आणि तो चर म्हणजे आजचा 'नैसर्गिक' काठ. मूळचा ओढा मात्र त्या गाळाखाली आहे: काळी, दलदलीची, गवताळ जमीन, जिच्यातून पाणी अनेक धारांनी हळूहळू झिरपत जायचं. बिग स्प्रिंग रन नावाच्या ओढ्यावर 2011 मध्ये तो साचलेला गाळ उपसून खालची पाणथळ जमीन उघडी केली. त्या काळ्या थरात जुन्या पाणवनस्पतींचं बी सापडलं होतं. मी तिथे उभी राहिले तेव्हा मनात एकच विचार होता: तीनशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी शेतातून गेलेली माती इथे आहे, आणि तिला कोणी शोधायलाही आलं नाही.

आजोबांनी आता ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी पस्तीस-पस्तीस फूट जमीन सोडली आहे. गाईंना पाण्यात उतरता येऊ नये म्हणून कुंपण आहे आणि त्या पट्ट्यात झाडं. दर एप्रिलमध्ये शाळेची मुलं, चर्चची माणसं, आमच्यासारखे शेजारी येतात आणि रोपं लावतात: काळा विलो, सिकॅमोर, डॉगवुड, ओक. हरणांनी खाऊ नये म्हणून प्रत्येक रोपाला प्लास्टिकची उभी नळी. मका निघाला की रिकामं शेत उघडं ठेवायचं नाही, राय किंवा क्लोव्हर पेरायचं, म्हणजे हिवाळाभर मुळं माती धरून ठेवतात. मामाला सगळ्यांत जास्त आवडलं ते हे आच्छादन. पण पस्तीस फूट सोडल्याचं ऐकून तो चटकन हिशेब करायला लागला. दोन्ही बाजू, एवढी लांबी, म्हणजे किती गुंठे? अडीच एकर भरले. "वढ्याला अडीच एकर दिलं?" तो म्हणाला. त्याच्या गावात इंचभर बांध कोरला म्हणून कोर्टात गेलेली माणसं आहेत.

राखलेल्या शेताचं सुद्धा पुढे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. कागद जमिनीला घरांपासून वाचवतो. शेतकऱ्याला वाचवत नाही. दुधाचे भाव लहान गोठ्याला परवडत नाहीत आणि आजूबाजूचे गोठे एकामागून एक बंद झालेले मी पाहिले आहेत. नोंद झालेल्या जमिनीचा भावसुद्धा तरुण जोडप्याच्या आवाक्यात राहत नाही, कारण जमीन कमी आणि शेत हवं असलेली अमिश घरं जास्त. त्यामुळे आज अर्ध्याहून अधिक अमिश पुरुष सुतारकाम, बांधकाम, छोटे कारखाने यांत आहेत. कित्येक कुटुंबं स्वस्त जमीन शोधत न्यूयॉर्क, केंटकी, विस्कॉन्सिनला गेली. सगळं जपलेलं गाव सोडून त्यांना जावं लागतं, कारण जपलेल्या गावात त्यांच्या मुलांना जागा नाही. हे मला अवघड वाटतं आणि याचं उत्तर आपल्याकडे आहे असं जे म्हणतात, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

आजोबांना मुलगा नाही. नात आहे, तिला गाई नकोत, शेळ्या हव्यात. चीज करून लँकेस्टरच्या सेंट्रल मार्केटमध्ये विकायचं तिच्या मनात आहे. तो बाजार 1730 च्या दशकापासून भरतो, मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी, 1889 च्या लाल विटांच्या इमारतीत, आणि तिथे ओटा मिळणं सोपं नाही. दरम्यान त्यांनी बारा एकर एका तरुण जोडप्याला भाजीपाल्यासाठी खंडाने दिले आहेत. करार पाच वर्षांचा. एका वर्षाच्या करारावर कोणी मातीत शेणखत घालत नाही, म्हणून.

मामा मुळशीला परत गेल्यावर आमचे फोन जमिनीवरच जास्त होऊ लागले. हिंजवडीच्या पलीकडे रस्ते रुंद झाले, तसे एजंट खाचरांच्या बांधावर उभे राहायला लागले. खालच्या आळीतल्या दोघांनी विकलं, तिथे आता कुंपण घालून प्लॉट पाडले आहेत आणि ओहोळ पाइपात घातला आहे. मामाला येणारा भाव ऐकून मलाही क्षणभर सुचेना. मामेभावाचा आयटीत जम बसलेला, त्याला शेती नको आहे, पण विकायलाही त्याचं मन होत नाही. एका रात्री मामाने फोनवर मला विचारलं, तुझ्या त्या म्हाताऱ्याच्या कागदाची नक्कल मिळेल का? दस्त नोंदलेला असतो, तो कोणालाही बघता येतो. तरी मी आजोबांना विचारलं. त्यांनी कपाटातून फाइल काढून दिली. मी पानापानाचा फोटो काढला आणि खाली मराठीत लिहीत गेले: इथे काय सोडलं, इथे काय राखलं, इथे कोणी बघायला येणार.

मामा म्हणाला, आपल्याकडं असलं काय चालत नसंल, पण वाचून ठेवतो. मी तेच फोटो आईलाही पाठवले.

आईने दोन दिवसांनी फोन केला. सगळं वाचलं होतं तिने, चष्मा लावून, पानं मोठी करकरून.

"यात त्यांच्या बहिणींची सही कुठंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं, या कागदावर नाही. त्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे मिळाले, त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर आहेत.

"मग तो पण पाठव," आई म्हणाली. "मामाला नको. मला पाठव."